दोन वाजता की चार वाजता?

नमस्कार, श्रोतेहो.

हॉटेलच्या रिसेप्शनवर दोघं पाहुणे एकामागोमाग उभे आहेत. भाडं दोघांनी सारखंच भरलंय. पहिल्याला साध्या खोलीची किल्ली मिळते. दुसऱ्याला वरच्या मजल्यावरची मोठी खोली आणि सोबत नाश्ताही मोफत. फरक आहे तो स्टेटसचा, म्हणजे हॉटेल कंपनीच्या सदस्य-योजनेत नेहमीच्या पाहुण्याला मिळणाऱ्या दर्जाचा.

पॉइंट वेगळे, स्टेटस वेगळं, हे आधी लक्षात घेऊ या. मुक्कामावर मिळणारे पॉइंट साठवायचे आणि खर्चायचे. स्टेटस मुख्यतः वर्षभरात किती रात्री राहिलात यावर ठरतं. मॅरियट बॉनवॉय या मॅरियट हॉटेलांच्या योजनेत 10 रात्रींना सिल्व्हर, 25 ला गोल्ड, 50 ला प्लॅटिनम. हयात हॉटेलांच्या वर्ल्ड ऑफ हयात योजनेत ग्लोबलिस्ट, म्हणजे वरची पायरी, गाठायला साधारणपणे 60 रात्री लागतात. आता बघा, मॅरियटमध्ये 26 रात्री राहिलेला गोल्ड आणि 49 रात्री राहिलेलाही गोल्डच. खास पाहुण्यांसाठीचं लाउंज आणि बऱ्याच ठिकाणचा नाश्ता खुला होतो तो पन्नासाव्या रात्री. मधल्या रात्रींचे पॉइंट मिळतात, पायरी मात्र तीच राहते.

सवलतींच्या यादीत एक शब्द सारखा भेटतो: 'उपलब्धतेनुसार'. तो नीट वाचा. मॅरियटच्या गोल्डला निघायच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत खोली ठेवता येते, पण उपलब्धतेनुसार. प्लॅटिनमला चारपर्यंतची हमी असते, तरी रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन, म्हणजे मोठ्या परिषदांच्या, हॉटेलांत तीही उपलब्धतेवरच येते. रात्रीचं विमान असलेल्या माणसाला या दोन तासांची किंमत विचारा! असं का होतं? पाटीवरचं नाव मोठ्या कंपनीचं असलं तरी इमारत बरेचदा दुसऱ्याच मालकाची असते. मोठी खोली आज विकली जाण्याची आशा असेल, तर ती तुम्हाला सकाळीच कोण देईल? म्हणून आदल्या दिवशी हॉटेलला कळवा आणि पोहोचल्यावर पुन्हा एकदा, गोडीत विचारा. विचारणाऱ्याला मिळतं, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक अनुभव, जरा कडू. थोडं स्वस्त पडलं म्हणून मी एकदा प्रवासाच्या वेबसाइटवरून चार रात्री बुक केल्या. त्यातली एकही मोजली गेली नाही. रात्री मोजल्या जायच्या असतील, तर बुकिंग शक्यतो थेट हॉटेलकडेच करा.

आता मुदत. या दोन्ही योजनांत यंदा मिळवलेलं स्टेटस पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत टिकतं. मार्चमध्ये पायरी गाठली तर जवळजवळ दोन वर्षं हातात येतात, डिसेंबरअखेरीस गाठली तर चौदा महिने. डिसेंबरात तीन-चार रात्री कमी पडत असतील, तर आधी पुढच्या वर्षीचे प्रवास कागदावर मांडा. प्रवासच फारसे दिसत नसतील, तर केवळ पायरीसाठी त्या रात्री विकत घेऊ नका.

नमस्कार.