नाकापेक्षा मोती जड : टेलिफोटो लेन्सची कॉलर निवडताना

मित्रहो, बोलायला लागण्याआधी एक गोष्ट बघून घेऊ. इथे टेबलावर ट्रायपॉडवर कॅमेरा बसवलाय आणि त्याला दीड किलोची ४०० मिलिमीटरची टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणून दाखवणारी, लेन्स लावलीय. कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूचं जे भोक असतं, तिथूनच तो बसवलाय. बॉलहेडचा, म्हणजे ट्रायपॉडच्या माथ्यावरच्या फिरत्या गोळ्याचा, नॉब मी चांगला आवळलाय. आता लेन्सच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. मागच्या रांगेतून कदाचित दिसणार नाही, पण पुढे बसलेल्यांना दिसत असेल, ती हळूहळू मान टाकतेय. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हाच प्रकार.

यात ट्रायपॉडचा दोष नाही आणि बॉलहेडचाही नाही. लेन्स दीड किलोची, कॅमेरा सातशे ग्रॅमचा. लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडली जाते, ते माउंट. लेन्सचा भार माउंटच्या पुढे साधारण पंधरा सेंटीमीटरवर एकवटलेला आहे, असं धरू. हिशेब केला तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य माउंटच्या पुढे नऊ-साडेनऊ सेंटीमीटरवर येतो. आणि आपण जोडीला आधार दिलाय कुठे? माउंटच्या मागे. कावड खांद्यावर मधोमध न घेता एका टोकाला धरून चालावं, तसं हे झालं. कॉलर म्हणजे लेन्सभोवती बसणारी कडी, तिच्या खालच्या पायावर लेन्स ट्रायपॉडला बसते. ती एवढंच करते की खांदा मधोमध आणते. बाकी तिच्याविषयी जे सांगायचं, ते सगळं या एका वाक्यातून निघतं.

आणखी एक बाब सहसा कोणी बोलत नाही. कॅमेऱ्याचं बायोनेट माउंट म्हणजे पक्कं आवळलेला सांधा नव्हे. लेन्स फिरवून सहज काढता यावी म्हणून आत पत्र्याच्या स्प्रिंगा असतात आणि त्या लेन्सला ओढून धरतात. म्हणजे तिथे थोडी ढिलाई जन्मजातच आहे. लेन्स पुढे लोंबकळत असेल, तर प्रत्येक झुळकीचा धक्का या सांध्यावर येतो. कॉलर लावली की उलट होतं, लेन्स स्थिर राहते आणि हलका कॅमेरा तिच्या मागे लटकतो. मोती नाकाला बांधण्याऐवजी नाकच मोत्याला बांधल्यासारखं.

मग प्रत्येक टेलिफोटोला कॉलर हवीच का? माझं मत आहे, नाही. कॅननची ७०-२०० एफ/४ एल ही लेन्स घ्या. तिच्या आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या, आवृत्तीचं वजन ७६० ग्रॅम. कॅननने तिच्यासोबत कॉलर दिलीच नाही, ती वेगळी विकली. निकॉननेही ७०-२०० एफ/४ साठी आरटी-१ नावाची कॉलर वेगळीच ठेवली. यात कंपन्यांचा धंदा असेलही, पण कंजुषी म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. या वजनाच्या लेन्सला कॅमेरा भारी असेल तर जोडी जवळजवळ सांभाळून घेते. हातात धरूनच फोटो काढत असाल, तर शे-दीडशे ग्रॅमचं ओझं कशाला वाहायचं? पण त्याच लेन्सने पहाटेच्या उजेडात एक-दोन सेकंदांची एक्सपोजर घेणार असाल, किंवा आडवी-उभी चौकट सारखी बदलत असाल, तर हलक्या लेन्सलाही कॉलर घ्या. किलोभराच्या पुढे मात्र मी हा प्रश्न विचारतच नाही.

उभ्या चौकटीचा मुद्दा जरा सांगतो, कारण अनेकांना तो कॉलर घेतल्यावरच कळतो. कॉलर नसेल तर उभा फोटो काढायला बॉलहेड एका बाजूला नव्वद अंशांत पाडावं लागतं. सगळा भार ट्रायपॉडच्या मध्यापासून बाजूला जातो, चौकट सरकते आणि पुन्हा सगळी जुळवाजुळव. कॉलर असली की तिचा नॉब किंचित सैल करायचा, कॅमेरा आणि लेन्स आत गर्रकन फिरवायची, नॉब आवळायचा. लेन्सचा अक्ष जागचा हलत नाही. म्हणून कॉलर निवडताना पहिल्यांदा तिचं फिरणं बघा. लोण्यासारखी फिरली पाहिजे, कुठेही अडकता कामा नये, आणि दर नव्वद अंशांवर खूण असली पाहिजे. काही कॉलर नव्वद अंशांवर टक् करून थांबतात. स्थिरचित्रांसाठी ही सोय उत्तम. व्हिडिओवाल्यांना तो टक् आवाज आणि झटका नकोसा होतो.

आता येऊ मानेकडे. मान म्हणजे कडीपासून पायापर्यंतचा जो खांब असतो, तो. इथेच घोडं पेंड खातं.

मी तुम्हाला एक हिशेब देतो, तो घरी जाऊन तपासा. पंचेचाळीस मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी साधारण ४.४ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लेन्स ६०० मिलिमीटरची असेल, तर ४.४ मायक्रॉनला ६०० मिलिमीटरने भागा. येणारा कोन इतका लहान की दहा सेंटीमीटर लांबीच्या पायाचं एक टोक दुसऱ्याच्या मानाने पाऊण मायक्रॉन वर-खाली झालं, तरी चित्र एक पिक्सेल सरकतं. पाऊण मायक्रॉन! डोक्यावरचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढी मान लवली, की तुमच्या महागड्या लेन्सची धार एका पिक्सेलने बोथट.

त्यामुळे कॉलर किती चकचकीत आहे, तिला किती नॉब आहेत, हे बघू नका. मान बघा. ती आखूड आहे का, रुंद आहे का, कडीला जिथे मिळते तिथे भरीव आहे का, की मधे कोरून हलकी केलीय? धातूची पट्टी वाकायला किती विरोध करते, हे तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. म्हणून दोन-तीन मिलिमीटरचा फरक दिसायला किरकोळ वाटला, तरी फोटोत तो किरकोळ राहत नाही.

निकॉनच्या जुन्या ३०० मिलिमीटर एफ/४ लेन्सचं उदाहरण छायाचित्रकारांना पाठ आहे. लेन्स एक नंबर, पण तिची मूळ कॉलर लवचीक म्हणून बदनाम. कर्क आणि रियली राइट स्टफ या कंपन्यांनी खास त्या लेन्ससाठी जाड कॉलर काढल्या. मूळ कंपनीचं म्हणजे सर्वोत्तमच, असं धरून चालू नका, इतकंच मला यातून म्हणायचंय. आणि उलटही धरून चालू नका.

उलट बाजूचा अनुभव माझा स्वतःचा. काही वर्षांपूर्वी मूळ कॉलर महाग वाटली म्हणून मी हुबेहूब नक्कल घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. बाहेरून ओळखू येऊ नये इतकी सारखी. आत मखमलीसारखं अस्तर चिकटवलेलं होतं. दोन महिन्यांत ते एका बाजूला सुटलं, गोळा झालं आणि कडीची पकड असमान झाली. उभी चौकट लावून मी मागे सरकलो, आणि लेन्स कॅमेऱ्यासकट स्वतःच्या भाराने अलगद फिरून आडवी झाली. पडली नाही, हे नशीब. पण नॉब जास्त आवळून आवळून बॅरलवर, म्हणजे लेन्सच्या नळीवर, जो चंद्रकोरीसारखा ओरखडा उठला, तो अजून आहे. तेव्हापासून नक्कल घेऊच नका असं मी म्हणत नाही, हलक्या लेन्सला ती चालते. फक्त घेण्याआधी आतल्या बाजूने बोट फिरवा. अस्तर सलग आहे का, त्याची कड उचकटतेय का, सांध्याजवळ धातू उघडा पडलाय का, हे बोटाला लगेच कळतं.

कडी बसते कुठे, हेही नीट बघायला हवं. ज्या लेन्सला कॉलर लागते, तिच्या बॅरलवर त्यासाठी गुळगुळीत पट्टा राखलेला असतो. कडी तिथेच बसवायची. झूमच्या रिंगवर, फोकसच्या रिंगवर किंवा त्यांच्या अगदी कडेला कडी आवळली तर आतले भाग दाबले जातात आणि फोकस अडकायला लागतो. ‘सगळ्या लेन्सना बसणारी’ कॉलर दिसली, तर माझा सल्ला आहे, हात जोडून पुढे जा. ज्या लेन्सला असा पट्टाच नाही, तिच्याखाली वाळूची किंवा धान्याची मऊ पिशवी ठेवणं कधीही चांगलं. कॉलर घेणारच असाल तर व्हर्निअर कॅलिपरने त्या पट्ट्याचा व्यास आणि रुंदी मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही सैल कडी आणि घट्ट कडी यांमधला असतो.

कॉलर दोन तऱ्हांच्या. एकीला बिजागरी असते. नॉब उघडला की ती पुस्तकासारखी उलगडते आणि लेन्स कॅमेऱ्यावर असतानाच निघते. दुसरी सलग कडी. ती काढायला आधी कॅमेरा लेन्सपासून सोडवावा लागतो. धूळ उडत असलेल्या जागी हे नकोच वाटतं. काही लेन्सची कडी निघतच नाही. कॅननच्या १००-४०० च्या दुसऱ्या आवृत्तीत कडी लेन्सचाच भाग आहे, फक्त पाय सुटतो. हातात धरून फिरणाऱ्यांनी याबद्दल कुरकुर केली. मला मात्र पक्की कडी आवडते. सांधे जितके कमी, तितकं हलणं कमी.

राहिला पाय. पायाच्या तळाला बहुतेकदा पाव इंची स्क्रूचं भोक असतं, मोठ्या लेन्सना तीन-अष्टमांश इंचीचंही. एकाच स्क्रूवर प्लेट बसवली की ती कालांतराने फिरायला लागते. हे तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. त्यापेक्षा ज्या पायाचा तळच अर्का-स्विस पद्धतीने, म्हणजे ट्रायपॉडच्या क्लॅम्पमध्ये थेट सरकून बसेल अशा तिरक्या कडांनी, कापलेला आहे, तो घ्या. टॅमरॉनने १५०-६०० जी२ ला तसा पाय दिला, सिग्मानेही आपल्या काही मोठ्या लेन्सना दिला. प्लेट नाही, म्हणजे एक सांधा गळाला. अर्काची रुंदी साधारण ३८ मिलिमीटर धरतात, पण कंपनीगणिक थोडी उणीअधिक होते. स्क्रूने आवळणारा क्लॅम्प ते सांभाळून घेतो. खटक्याचा क्लॅम्प सांभाळेलच असं नाही, म्हणून आपल्या क्लॅम्पमध्ये पाय एकदा बसवून, हलवून बघा. पायाच्या दोन्ही टोकांना छोटे अडसर-स्क्रू असावेत, नाहीतर क्लॅम्प जरा सैल सुटला की लेन्स घसरून जमिनीवर.

पायाची लांबीही बघा. गिम्बल हेड, म्हणजे जड लेन्स झोपाळ्यासारखी तोलून धरणारं ट्रायपॉडचं डोकं, वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. तिथे लेन्स पुढे-मागे सरकवून काटा मधोमध आणावा लागतो. मागे टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) जोडला, कॅमेऱ्याला ग्रिप लावली, किंवा झूम केल्यावर लेन्स पुढे लांबली, की गुरुत्वमध्य सरकतो. सोनीची २००-६०० झूम करताना लांबत नाही, त्यामुळे तिचा तोल फारसा बिघडत नाही. लांबणाऱ्या लेन्सना पाय चांगला लांब हवा. आणि पाय ठेंगणा की उंच? ठेंगणा जास्त ताठ, यात शंका नाही. पण तो इतका ठेंगणा नको की लेन्स उचलताना बोटंच आत जाणार नाहीत. हा पाय आपण हँडलसारखा धरून लेन्स उचलतो, हे डिझाइन करणारे कधीकधी विसरतात.

मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलं की अ‍ॅडॉप्टरला, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणाऱ्या मधल्या कडीला, पाय असतो, त्यावर भागत नाही का? निकॉनच्या पहिल्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरला तसा पाय होता, २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो काढला. छोट्या लेन्सला तो ठीक. लांब लेन्सला नाही, कारण तो पाय माउंटलगतच आहे आणि गुरुत्वमध्य अजूनही पुढेच राहतो.

कॉलर हाती आली की ही चाचणी करा. लेन्स ट्रायपॉडवर चढवा, दूरच्या एखाद्या अक्षरांच्या पाटीवर फोकस करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, दहापट मोठं करा. लेन्सच्या तोंडाजवळ बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. मग कॉलरच्या मानेवर टिचकी मारा. मग ट्रायपॉडच्या पायावर. तिन्हीकडे वेळ सारखाच लागला, तर कॉलरला दोष देऊ नका. लेन्सवरची टिचकी बराच वेळ डुलवत राहिली आणि ट्रायपॉडवरची पटकन विरली, तर संशय मानेवर. काहीजण या टप्प्यावर नवा ट्रायपॉड आणतात. आधी कॉलर बदलून बघा. नव्या भारी ट्रायपॉडवर लवचीक मान बसवून काही मिळत नाही.

वापरलेली लेन्स घेणाऱ्यांनी अजून एक करावं. कॉलर सोबत आहे का ते विचारावंच, कारण सुटी होणारी कॉलर सगळ्यांत आधी हरवते. असली तर नॉब पूर्ण सैल करून लेन्स एक पूर्ण फेरी फिरवून बघावी. मधेच खरखर लागली तर कडीत वाळू आहे. पूर्ण आवळल्यावरही पाय धरून लेन्स डुलत असेल, तर अस्तर झिजलंय किंवा कडीच वाकलीय. अस्तर बदलता येतं. वाकलेली कडी सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

आता ज्यांनी आपापल्या लेन्स आणल्यात त्यांनी इकडे या. टेबलावर जागा करतो. पाटी समोरच्या भिंतीवर लावलीय, आणि टिचकी माझ्या हातची नको, तुमच्याच हातची असू दे.