स्प्रिंगवर चालणारे लाँगबोर्ड ट्रक: वळण, ताण आणि देखभाल

[दृश्य: सपाट फरशीवर दोन लाँगबोर्ड शेजारी शेजारी. कॅमेरा चाकांच्या उंचीवर.]

डेकची, म्हणजे उभं राहायच्या फळीची, एक कड हाताने खाली दाबायची आणि एकदम सोडून द्यायची. ट्रक म्हणजे डेकखालचा, चाकं धरणारा आणि डेक कलला की वळणारा धातूचा सांधा. डावीकडच्या बोर्डच्या ट्रकमध्ये युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची, बुशिंग (दाबली जाणारी कडी) आहेत. त्याचा डेक वर येतो आणि मध्यावर येऊन थांबतो. उजवीकडच्या ट्रकमध्ये पोलादी स्प्रिंग आहेत. त्याचा डेक मध्य ओलांडून पलीकडे कलतो, परत येतो, पुन्हा थोडा कलतो आणि मग स्थिरावतो.

युरेथेन दाबलं की त्यात गेलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन आतच जिरतो. पोलादी स्प्रिंग घेतलेलं जवळजवळ सगळं परत देते. स्प्रिंग ट्रकचं कौतुक आणि त्याच्याबद्दलची तक्रार, दोन्हींचं मूळ या एकाच गुणात आहे. पंपिंग करताना, म्हणजे पाय जमिनीला न लावता नुसत्या वळणांवर वेग घेताना, प्रत्येक वळणाच्या शेवटी स्प्रिंग बोर्डला मध्याकडे ढकलते. तीच स्प्रिंग उतारावर सुरू झालेली डगमग मात्र विझवत नाही.

थंडीचा मुद्दा स्प्रिंगच्या बाजूचा. गारठ्यात युरेथेन कडक होतं आणि सकाळचा बोर्ड दुपारच्यापेक्षा वेगळा वळतो. पोलादाला एवढ्या फरकाने काही होत नाही. घट्ट झालंच तर आतलं ग्रीस होतं.

[दृश्य: टेबलावर सुटे केलेले तीन ट्रक. हात एकेक उचलून दाखवतो.]

‘स्प्रिंग ट्रक’ या एका नावाखाली तीन निराळ्या रचना विकल्या जातात आणि तिथेच तुलना फसते.

पहिली, जोड-स्प्रिंगची. हँगरच्या, म्हणजे चाकांचा अ‍ॅक्सल धरणाऱ्या वळत्या भागाच्या, डाव्या-उजव्या बाजूला एकेक स्प्रिंग. डेक ज्या बाजूला कलेल, त्या बाजूची दाबली जाते. सायस्मिक या कंपनीचे स्प्रिंगवाले ट्रक या जातीचे. दुसरी, कॅमची. इथे दोन खाचदार भाग एकमेकांत बसलेले असतात आणि स्प्रिंग त्यांना दाबून धरते. डेक कलला की कॅम खाचेतून वर चढतो, सोडला की घसरून परत खाचेत बसतो. ओरिजिनल स्केटबोर्ड्सचे एस८ आणि एस१० हे कॅमचे ट्रक. तिसरी, फिरत्या दांड्याची, म्हणजे सर्फस्केटची (सर्फिंगसारखी वळणं देणाऱ्या बोर्डची). कार्व्हरच्या सी७मध्ये पुढचा ट्रक एका दांड्यावर बसलेला असतो, तो दांडा स्वतंत्रपणे डावी-उजवीकडे फिरतो आणि स्प्रिंग त्याला मध्यावर ओढून आणते. ही रचना पुढच्याच ट्रकला असते. मागचा ट्रक साधा. त्याच कंपनीच्या सीएक्समध्ये हा दांडा नाही, काम बुशिंगवर चालतं. त्यामुळे ‘कार्व्हर घेतला’ एवढ्यावरून आत स्प्रिंग आहे की नाही हे कळत नाही.

[दृश्य: जोड-स्प्रिंगचा ट्रक जवळून. एक स्प्रिंग दाबली जाताना, दुसरी सैल होताना.]

जोड-स्प्रिंगचा ट्रक मध्यावर अडखळत नाही, आणि का ते आकड्यांत पाहू. समजा, एक स्प्रिंग १ मिमी दाबायला ४ किलो भार लागतो. दोन्ही स्प्रिंग आधीच ३-३ मिमी दाबून बसवल्या आहेत; या आधीच्या दाबालाच ताण म्हणायचं. मध्यावर दोघी एकमेकींना सारख्याच रेटतात, म्हणून तिथे अडखळ नाही. डेक कलला की एक दाबली जाते आणि दुसरीचा रेटा तेवढाच कमी होतो. परिणामी पहिल्या ३ मिमीपर्यंत दर मिमीला ८ किलो लागतात. त्यापुढे दुसरी स्प्रिंग पूर्ण सैल पडते आणि दर मिमीला ४च किलो उरतात. खोल वळणात ट्रक अचानक हलका पडला, आणि वर स्प्रिंग आपल्या घरात खुळखुळली, तर कारण हेच. ताण ५ मिमी केला की हा बदल ५ मिमीच्या पुढे सरकतो.

दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसेल तर बोर्ड सरळ जात नाही. ताणाच्या स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याचा फरकसुद्धा पायाला कळतो. बोर्ड एका बाजूला ओढत असेल तर चाकं आणि बेअरिंग बदलण्याआधी हे तपासावं.

कॅमचं गणित वेगळं. तिथे एकच ताण कॅमला खाचेत दाबून धरतो, त्यामुळे मध्यावर एक उंबरठा तयार होतो. तो ओलांडेपर्यंत डेक हलत नाही, ओलांडला की मोकळा होतो. काहींना हा उंबरठा आवडतो: पाय मारताना बोर्ड सरळ राहतो. काहींना तो टोचतो. पुढे परतीचा जोर किती वाढत जाणार हे एकट्या स्प्रिंगवर नाही, कॅमच्या चढावर ठरतं. म्हणूनच कॅमचा ट्रक इतका खोल कलू शकतो. मंद वेगातल्या लांब, गोल वळणांसाठी आणि पंपिंगसाठी आमची पसंती कॅमलाच. जोरदार उतारावर तोच ट्रक नको.

फिरत्या दांड्याच्या ट्रकवर पुढचं टोक अक्षरशः गरकन वळतं. जागेवर उभं राहून, एकदाही पाय न मारता बोर्ड चालू करता येतो. पण पाय मारून लांबचं अंतर कापायला तो त्रासाचा: पुढच्या पायाचा भार ट्रकच्या बोल्टच्या मागे-पुढे जरा सरकला की टोक भटकतं.

[दृश्य: ताणाचा स्क्रू. अ‍ॅलन कीने पाव फेरा.]

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ताणाचा स्क्रू आवळला म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असं धरलं जातं. स्प्रिंग तीच राहते. कॅमच्या ट्रकमध्ये मघाच्या उदाहरणातलीच, दर मिमीला ४ किलोची, स्प्रिंग घ्या. ३ मिमी ताणावर उंबरठा १२ किलोचा, ५ मिमी ताणावर २० किलोचा. त्यापुढे मात्र स्प्रिंग दाबायला दर मिमीला लागणार ४च किलो. बदललं ते हे की स्प्रिंगची दाबली जाण्याची एकूण जागा १० मिमी असेल तर ७ मिमी शिल्लक होती, ती आता ५ झाली. भारी चालक स्क्रू आवळत जातो, मध्य दगडासारखा होतो, आणि वळणाच्या मधोमध स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकून डेक धाडकन अडतो. मागच्या चाकाची पकड सुटते ती अशा वेळी.

वजनाप्रमाणे बदलायची ती स्प्रिंग. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो: वेढ्यांची संख्या आणि व्यास तेच ठेवून तार ५ मिमीऐवजी ५.५ मिमी घेतली तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते. डोळ्याला हा फरक दिसतही नाही, म्हणून स्प्रिंग व्हर्नियरने मोजावी.

बुशिंग जवळपास सगळ्या साध्या ट्रकना एकमेकांची चालतात. स्प्रिंग तशी चालत नाही. ती त्या-त्या ट्रकचीच लागते. ट्रक घ्यायच्या आधी सुट्या स्प्रिंग आणि आतल्या सरकत्या भागांचे संच मिळतात का, हे विचारून घ्यावं. नाही मिळत असं उत्तर आलं तर कितीही छान चालणारा ट्रक असो, आम्ही तो घेणार नाही.

[दृश्य: दोन बेसप्लेट बाजूने, कोन दाखवणाऱ्या रेषांसह.]

वळण ठरवणारी दुसरी गोष्ट बेसप्लेटचा, म्हणजे ट्रकच्या डेकला बोल्टने बसणाऱ्या भागाचा, कोन. डेक २० अंश कलला तर ४५ अंशांच्या बेसप्लेटवर अ‍ॅक्सल सुमारे १९ अंश वळतो, ३० अंशांच्या बेसप्लेटवर सुमारे ११. पंपिंगसाठी पुढे ४५ आणि मागे ३० ही जोडी चांगली बसते: पुढचा ट्रक दिशा देतो, मागचा मागोमाग येतो. दोन्हीकडे ४५ लावले तर बोर्ड चपळ होतो आणि वेगात तितकाच अस्थिर. वेगातली डगमग बहुधा मागचा ट्रक गरजेपेक्षा जास्त वळू लागला की वाढते. ती सुरू झालीच तर भार पुढच्या पायावर घ्यावा. मागे रेलून धरलं तर ती आणखी वाढते.

माउंटनबोर्डवाल्यांनी, म्हणजे डोंगरउतारावरचे बोर्ड बनवणाऱ्यांनी, यावर उपाय केलेला आहे. एमबीएस या कंपनीच्या ट्रकमध्ये स्प्रिंगच्या पोटात रबरासारखा लवचीक ठोकळा बसवतात. स्प्रिंग परत ढकलते, ठोकळा थोडं जिरवतो. रस्त्यावरच्या लाँगबोर्ड ट्रकमध्ये अशी सोय असेल तर तिचा फायदा घ्यावा.

खोल कलणाऱ्या ट्रकला चाक डेकला घासण्याचा धोका जास्त. चाक घासलं की बोर्ड जागीच थांबतो आणि चालक पुढे जातो. बोर्ड जमिनीवर ठेवून, कडेवर पूर्ण भार देऊन बघावं; चाक आणि डेक यांच्यात फट राहिली नाही तर डेक आणि ट्रक यांच्यामध्ये ३ किंवा ६ मिमीचा रायझर (उंची वाढवणारी पट्टी) घालावा. रायझर जेवढा जाड, बोल्ट तेवढेच लांब लागतात. नट बसल्यावर त्याच्या नायलॉनच्या कड्यातून बोल्टचे एक-दोन आटे बाहेर दिसलेच पाहिजेत.

[दृश्य: स्वच्छ कापडावर हत्यारं: पाने, अ‍ॅलन की, ब्रश, व्हर्नियर, ग्रीसची डबी, रंगाचं पेन, चष्मा.]

देखभालीत स्प्रिंगपेक्षा तिच्या शेजाऱ्यांकडे जास्त बघायचं असतं. स्प्रिंग क्वचित तुटते. झिजतात ते तिच्या बैठका, कॅमचे पृष्ठभाग आणि दांड्याची बेअरिंग.

आवाजावरून बरंच कळतं. वळण सुरू होताना कुरकुर आली तर कुठेतरी कोरडं घर्षण आहे. मध्य ओलांडताना एकच ‘टक’ आला तर भागांमध्ये खेळ आहे. खुळखुळ म्हणजे स्प्रिंग सैल. खरखर म्हणजे वाळू आत गेली. खेळ कुठे आहे ते शोधायला डेक गुडघ्यांत धरून हँगर दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवावा, एक बोट सांध्यावर ठेवून. ज्या सांध्यात बोटाला धक्का जाणवतो, तिथली झीज. ती किंगपिनचा, म्हणजे ट्रकचे भाग एकत्र धरणाऱ्या मुख्य बोल्टचा, नट आवळून दाबू नये. आवाज बंद होतो, झीज वाढते.

उघडताना आधी चष्मा. ट्रकच्या पुढच्या बाजूला रंगाची खूण करावी, प्रत्येक स्प्रिंगलाही डावी-उजवी खूण. मग ताणाचे स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव फेरा सोडत जावं आणि एकूण फेरे मोजून लिहावेत. एक बाजू पूर्ण सोडून दुसरी तशीच ठेवली तर हँगर तिरका होतो आणि आटे खाल्ले जातात. ताण पूर्ण उतरल्याशिवाय किंगपिनला किंवा सर्क्लिपला (भाग जागेवर अडकवणाऱ्या कडीला) हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर सरळ तोंडावर येते.

[दृश्य: व्हर्नियरच्या जबड्यात स्प्रिंग. दुसरी तिच्याशेजारी उभी.]

धातूचे भाग डिग्रीझर आणि ब्रशने धुवावेत, युरेथेन आणि प्लास्टिकचे भाग साबणाच्या पाण्याने. दोन्ही स्प्रिंगची मोकळी लांबी मोजावी. जोडीत १ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही बदलाव्यात, एकच नाही. तारेवर वरवरचा तांबूस गंज असेल तर तो पुसता येतो. नखाला लागणारे खड्डे पडले असतील तर ती स्प्रिंग टाकून द्यावी, कारण तडा तिथूनच सुरू होतो. कॅमच्या खाचेचा तळ चमकदार आणि गोलसर झाला असेल तर मध्य हरवल्यासारखा का वाटत होता, ते कळेल. त्यावर ग्रीस हा इलाज नाही, कॅमच बदलावा लागतो.

ग्रीसचा थर पातळ, बोट फिरवल्यावर नुसती चकाकी दिसेल इतकाच. धातूवर धातू घासतो तिथे लिथियमचं ग्रीस, रबराजवळ सिलिकॉनचं. खनिज तेलाचं ग्रीस बऱ्याच रबरांना फुगवतं. कोरडंच चालण्यासाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या बुशला काहीच लावू नये, कारण तिथलं ग्रीस वाळू धरून ठेवतं. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला ठीक आहे, वंगण म्हणून टिकत नाही.

जोडताना स्क्रू आधी नुसत्या बोटांनी, स्प्रिंगला टेकेपर्यंत घ्यावेत. तो शून्य. तिथून दोन्ही बाजूंना सारखे फेरे द्यावेत, लिहून ठेवलेत तेवढेच. स्क्रूला मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) एक थेंब पुरतो; आटे आधी तेलमुक्त हवेत. नायलॉनच्या नटाला थ्रेडलॉकर लागत नाही. तो नट कड्यापलीकडे नुसत्या बोटांनी फिरत असेल तर नवा घ्यावा. साध्या ट्रकवर किंगपिनला ९/१६ इंचाचा पाना लागतो, अ‍ॅक्सलला १/२, बोल्टच्या नटाला ३/८. स्प्रिंगच्या ट्रकवर किंगपिनचं माप आणि अ‍ॅलन कीचा आकार निराळा असू शकतो. ढिल्या पान्याने कोपरे गोल करण्यापेक्षा आधी लावून बघावं.

डेकवर बसवताना खुणेकडे बघायचं. वळणाचा अक्ष उलटा बसला तर डेक डावीकडे कलतो आणि चाकं उजवीकडे वळतात. उभं राहण्याआधी हाताने कलवून चाकं कुठे वळतात ते पाहिलं की हे लगेच कळतं. मग सपाट जागी, चालण्याच्या वेगात काही वळणं घ्यावीत आणि सगळे नट पुन्हा एकदा तपासावेत: नवी बसवलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत थोडी खाली बसते, आणि तेवढा ताण कमी होतो. तो पाव फेऱ्याने भरून काढावा, दोन्ही बाजूंना.