वितळून गेलेला पुरावा

[पावसाळी सकाळ. हँगरचं अर्धवट उघडं दार. आत सेसना 152 हे छोटं विमान, इंजिनावरचं झाकण म्हणजे काउलिंग उतरवलेलं.]

तक्रारीच्या वहीत एकच ओळ आहे. 'उतरताना इंजिन अडखळलं, पॉवर गेली.' विमान सुखरूप खाली आलं. आता जमिनीवर तेच इंजिन सुरू केलं, तर जणू काही घडलंच नाही असं चालतंय.

मोटरसायकलच्या गॅरेजात अशा वेळी हात थेट हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरकडे जातो. खोला, जेट फुंका, बसवा. हँगरमधला चांगला इंजिनिअर तो हात आवरतो. कार्ब्युरेटर खोलायचा तो सर्वांत शेवटी. एकदा खोलला, की आधी काय बिघडलं होतं आणि आपण काय हलवलं, हे वेगळं काढता येत नाही.

[कॉकपिट. आरपीएमचा काटा जवळून.]

पहिली पाळी मॅग्नेटोंची. या लायकमिंग इंजिनाला चार सिलिंडर आहेत आणि ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन. 1700 आरपीएमवर एकेक बंद करून पाहायचा. काटा 125 पेक्षा जास्त पडता कामा नये, आणि दोघांमधला फरक 50 च्या वर जाता कामा नये. एकाच मॅग्नेटोवर इंजिन थरथरलं, तर प्लग किंवा वायरी बघा. दोन्हींवर सारखंच थरथरलं, तर हवा-पेट्रोलकडे वळा.

मग प्रायमर, म्हणजे इंजिन सुरू करताना हाताने पेट्रोल सोडायचा छोटा पंप. त्याचा दांडा नीट लॉक झाला नसेल, तर इंजिन त्यातून आपणहून पेट्रोल ओढत राहतं आणि आयडलला, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असताना, गुदमरतं. दांडा आत ढकलून फिरवला, की काम झालं. टाकीच्या तळातून नमुना काढून पाणी आहे का, तेही आत्ताच पाहून घ्यायचं.

आता आयडलवर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चरचा नॉब अगदी सावकाश मागे ओढा. बंद पडण्याआधी आरपीएम क्षणभर वाढायला हवेत, पण 50 च्या आत. जास्त वाढले, तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. वाढलेच नाहीत, तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. लीन निघालं तर स्क्रूला हात लावण्याआधी टॉर्च घ्या आणि सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या इनटेक पाइपांचे सांधे बघा. विमानाचं पेट्रोल, एव्हगॅस 100 एलएल, निळं असतं. ते उडून गेलं, तरी गळक्या गॅस्केटच्या कडेला फिकट निळा डाग मागे राहतो. अशी गळती आयडलला जास्त जाणवते, कारण तेव्हा पाइपांतली ओढ सर्वांत जोरदार असते. फुल थ्रॉटलला ती लपते.

[कार्ब्युरेटरला हवा देणाऱ्या एअरबॉक्सच्या कोपऱ्यावर जमणारा निळा थेंब.]

हा थेंब दुसऱ्या एका विमानाखालचा आहे. इंजिन बंद, आणि एअरबॉक्समधून पेट्रोल टिपकतंय. इथे मात्र दोष कार्ब्युरेटरचाच. गच्चीवरच्या टाकीत बॉल कॉक असतो ना, तसाच याच्या पोटात फ्लोट. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि नीडल व्हॉल्व्ह बंद होतो. जुन्या पितळी फ्लोटला चीर पडली, की आत पेट्रोल शिरायचं. नंतर आलेले काही कॉम्पोझिट फ्लोट पेट्रोल शोषून जड व्हायचे. फ्लोट बुडाला, की व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि कार्ब्युरेटर भरून वाहतो. नीडलखाली कचऱ्याचा एक कण अडकला, तरी तेच. असं टिपकणारं विमान सुरू करायचं नाही. एक बॅकफायर आग लागायला पुरेसा आहे.

[पुन्हा पहिलं विमान.]

आपल्या विमानात यातलं काहीच निघालं नाही. मॅग्नेटो ठीक, सांधे कोरडे, पेट्रोल स्वच्छ. इंजिनिअर पाना खाली ठेवतो आणि शिकाऊ पायलटला बोलावतो.

"ढग होते?"

"हो सर, ढगांच्या खालीच होतो. पॉवर कमी करून उतरत होतो."

"कार्ब हीट कधी ओढलीस?"

"इंजिन अडखळल्यावर. पण ओढल्यावर ते जास्तच थरथरायला लागलं, म्हणून परत आत ढकलली."

इथे गाठ सुटली.

घरातल्या माठाला पाझर सुटतो, ते पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार. पेट्रोल तर पाण्याहून झपाट्याने उडतं. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात ते उडतं, शिवाय तिथे हवेचा दाब पडतो, आणि तापमान कधी 30 अंशांहूनही जास्त खाली येतं. हवेत दमटपणा असला, की थ्रॉटलच्या चकतीच्या कडेवर बर्फ धरतो. कोकणातल्या पावसाळ्यात, अंगाला घाम असताना! 38 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असतानाही असा बर्फ धरू शकतो. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना धोका जास्त, कारण फट आधीच बारीक असते.

कार्ब हीट एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातली गरम हवा आत सोडते. गरम हवा विरळ, म्हणून आरपीएम आणखी पडतात. बर्फ वितळून पाणी सिलिंडरमध्ये जातं, म्हणून इंजिन थरथरतं. ते थरथरणं म्हणजे उपाय लागू पडतोय. नॉब पूर्ण ओढून धीर धरायचा, मग काटा वर यायला लागतो. या मुलाने नेमका त्याच क्षणी उपाय थांबवला. आणि कार्ब हीट ओढायची होती थ्रॉटल मागे घेण्याआधी. नंतर एक्झॉस्टच थंड पडत जातो, उष्णता मिळणार कुठून?

एक तपासणी बाकी आहे. जमिनीवर इंजिन चालू ठेवून नॉब ओढतात. काटा खाली येतो. आला नसता, तर केबल तुटलेली किंवा झडप अडकलेली असती. काटा हलला नाही म्हणून खूश होणारे मी पाहिलेत, आणि तीच खरी काळजीची गोष्ट आहे. ही हवा फिल्टरमधून येत नाही, म्हणून नॉब लगेच परत आत जातो.

पायलट उतरून इथवर चालत येईपर्यंत गरम इंजिनाखाली सगळा बर्फ वितळला होता. कार्ब्युरेटर खोलला असता, तर तो कोरडा आणि निर्दोष दिसला असता.

[वहीवर पेन.]

इंजिनिअर नुसतं 'दोष आढळला नाही' असं लिहीत नाही. तो लिहितो : मॅग्नेटो, प्रायमर, मिक्श्चर, इनटेक, कार्ब हीट तपासले. तापमान 27, दवबिंदू 24, पॉवर कमी, कार्ब हीट उशिरा. कार्ब्युरेटर खोललेला नाही.