कोपर, कुंडी आणि टेबल

नमस्कार श्रोतेहो. कुंड्या भरण्यासाठी घरच्या घरी टेबल कसं बांधायचं, ते आज सांगणार आहे. त्यातही जास्त बोलणार आहे उंचीविषयी. लाकूड, स्क्रू, फळ्या नंतर. आधी उंची.

पहिलं टेबल मी आईसाठी केलं. ती जमिनीवर बसून कुंड्या भरायची. उठताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर तशीच वाकलेली राहायची. ते मला बघवेना. घरात जुना सागवानी दरवाजा पडून होता, सपाट, बिनखाचांचा. त्याला चार भक्कम पाय लावले, माती मागे सांडू नये म्हणून उभी फळी लावली, खाली कप्पा केला. समोर उभा राहिलो तर हात अगदी सहज पडत होते. उंची 95 सेंटिमीटर.

आईनं टेबलावरून हात फिरवला, “छान झालंय,” म्हणाली. आठवड्यानं पाहतो तर टेबलावर रिकाम्या कुंड्या रचलेल्या आणि आई पुन्हा खाली, पोत्यावर बसून माती कालवतेय. विचारलं, तर म्हणाली, “अरे, खांदे भरून येतात.”

मग तिला टेबलाशी उभं केलं. टेबल तिच्या कोपराच्याही वर होतं! त्यावर 15 सेंटिमीटरची कुंडी ठेवली की काठ पार छातीशी. आपले हात टेबलावर चालतच नाहीत, श्रोतेहो, ते कुंडीच्या काठाशी चालतात. मी मोजली होती नुसती फळी, आणि तीही माझ्या अंगाला.

त्याच दुपारी तिला म्हटलं, खांदे सैल सोड, कोपर अंगाशी ठेव, माती भरतेस तसे हात धर. कोपर जमिनीपासून 92 वर. त्यातून कुंडीचे 15 वजा केले, हात किंचित खाली उतरावेत म्हणून आणखी 2. राहिले 75. टेबल उलटं केलं, वरच्या फळीकडून मोजून चारही पायांवर खुणा केल्या आणि 20 सेंटिमीटर कापून टाकले. माप फळीकडूनच घ्या, जमिनीकडून नको. जमीन कुठेच सपाट नसते. संध्याकाळी आईनं उभ्या उभ्या नऊ रोपं नव्या कुंड्यांत हलवली.

तेव्हा पुन्हा सांगतो: कोपराची उंची, त्यातून तुमच्या नेहमीच्या कुंडीची उंची वजा, आणि आणखी दोन-तीन सेंटिमीटर वजा. मोठ्या कुंड्या भरत असाल, तर टेबल आणखी ठेंगणं.

मला तर वाटतं, मुलांच्या हाती मोजपट्टी द्यावी आणि घरातल्या प्रत्येकाचं माप घ्यायला लावावं. आजीचा कोपर किती उंच, ओटा किती उंच, कपाटाची कडी कुठे. आपलं घर कुणाच्या अंगाला बेतलंय आणि कुणाच्या नाही, हे मुलांना दहा मिनिटांत कळेल. गणितही पक्कं होईल.

बाकीचं थोडक्यात. खोली 55 ते 60 सेंटिमीटर पुरे, मागच्या फळीपर्यंत हात पोचला पाहिजे. वरची फळी सलग, खालच्या कप्प्यात मात्र पट्ट्यांमध्ये फटी ठेवा, पाणी निथळतं. भिजलेली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते, म्हणून मागच्या दोन पायांना तिरकी पट्टी हवीच, नाहीतर टेबल डुलतं. स्क्रू न गंजणारे. दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले तर चौकट काटकोनात. आणि पायांची कापलेली टोकं! लाकूड तिथूनच पाणी ओढतं. जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या, मधे पुरतं वाळू द्या. मी ते दिले नव्हते, आणि वर्षभरात एका पायाचं बूड काळं पडून मऊ झालं. आता प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा आहे.

कापलेले ते चार तुकडे आईनं फेकू दिले नाहीत. दोन दोन करून मोठ्या कुंड्यांखाली आडवे घातलेत, म्हणजे बुडाची भोकं मोकळी राहतात.

नमस्कार.