एटीव्ही सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी! पावसाळा संपला, दिवाळीचा सीझन तोंडावर आलाय आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न, दादा चार महिने ताडपत्रीखाली उभी होती, आता सेल्फच घेत नाही, कुठली बॅटरी टाकू? नागाव, काशीद, मुरुडकडच्या बीचवर भाड्याने फिरतात ना, त्या ११०-१२५ सीसीच्या छोट्या चार चाकी एटीव्ही, त्यांच्याबद्दल बोलतोय मी.

बेसिक गोष्टी पटकन सांगतो, तुम्हाला माहीत असणारच. चावी ऑन, इंजिन बंद करायचा लाल किल स्विच रनवर, गाडी न्यूट्रलला, ब्रेकचा लिव्हर दाबलेला, फ्यूज बघितलेला. लहान मुलांच्या गाडीला मागे दोरीवालं सेफ्टी स्विच असतं, ते निघालेलं असेल तर बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरतो पण स्पार्क येत नाही. झालं.

आता मेन मुद्दा. सेल्फ दाबला की नुसता टक आवाज येतो, बरोबर? आणि तुम्ही म्हणता बॅटरीला व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर लावला, १२.६ व्होल्ट दाखवतोय, म्हणजे बॅटरी ओके, सेल्फची मोटार गेली. थांबा! ते १२.६ गाडी शांत उभी असतानाचं आहे. टाकी भरलेली आहे पण पाइप आतून चोंदलाय, तर नळाला पाणी येईल का? त्यामुळे रीडिंग घ्यायचं ते सेल्फ दाबून धरलेला असताना. हे मी प्रत्येक व्हिडिओत सांगतो आणि परत परत सांगणार.

मीटर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला लावा, दुसऱ्याला सेल्फ दाबायला सांगा. आकडा धाडकन ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून परत बघा, चार्ज करूनही तसंच झालं तर बॅटरी संपली, किंवा मोटार जाम होऊन जास्त करंट खातेय. पण टक वाजलं आणि आकडा १२ च्या आसपासच राहिला, तर मोटारीतून करंट जातच नाहीये! मग नवी बॅटरी टाकून काय होणार, तीसुद्धा टकच करणार ना?

मग करंट अडतोय कुठे? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, वरच्या क्लिपवर नाही हां, खांबावरच, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टवर. सेल्फ दाबा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून फ्रेम-इंजिनला जाणारी वायर, खराब. तसंच पॉझिटिव्हला करा, एक पिन पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी मोटारीच्या टर्मिनलवर, परत सेल्फ दाबून. टक वाजूनही तिथे पूर्ण १२ दिसले तर रिलेचे, म्हणजे टक करून मोटारीला करंट सोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळलेत किंवा ती वायर गेलीय.

समुद्राकाठी अर्थिंगच जास्त मार खाते. मागच्या आठवड्यात एक गाडी आली, मालकाने दोन गॅरेज फिरवून नवी बॅटरी, नवी मोटार, सगळं टाकलेलं. मी फ्रेमवरचा अर्थिंगचा बोल्ट सोडवला तर त्या गोल टर्मिनलच्या खाली कंपनीचा काळा पेंट तसाच, त्यावर पांढरट हिरवा थर, आणि वायर वाकवली तर रबराच्या आत तांबं पावडर होऊन पडायला लागलं. वायर कापून टोकाला नवा लग, म्हणजे तसंच गोल टर्मिनल, दाबला, पॉलिश पेपरने पेंट काढून खालचं लोखंड चकचकीत केलं, वरून ग्रीस. पहिल्या सेल्फला चालू! त्या माणसाचे हजारो रुपये गेले, मला याचा खरंच राग येतो, कारण मीटर लावायला पाच मिनिटं लागतात.

आणि ते स्क्रू ड्रायव्हरने रिले शॉर्ट करून दाखवणारे व्हिडिओ, प्लीज ते बघून करू नका. तसं केलं की ब्रेक आणि न्यूट्रलचं सेफ्टी बायपास होतं, गाडी गिअरमध्ये असेल तर थेट अंगावर येते. ठिणगी उडते ती वेगळी, आणि पेट्रोलची टाकी तिथेच वर असते.

एकाने विचारलंय की सेल्फ मस्त फिरतो पण गाडी चालू होत नाही. तो प्रकारच वेगळा. प्लग काढून कॅपमध्ये बसवा, इंजिनच्या बॉडीला टेकवा, प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब, स्पार्क बघा. स्पार्क निळा, कडक आणि प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये. चार महिने कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि छोटा पायलट जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, बुजतो. कार्बोरेटर खोलून जेट क्लीनरने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. प्लग ओला निघाला तर तो पुसून वाळवा, चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण देऊन सेल्फ मारा.

गाडी चालू झाली की लगेच बंद करू नका, थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये आकडा हवा. तेवढा येत नसेल तर बॅटरी चार्जच होत नाहीये, आज चालू झालेली गाडी परवा परत टक करणार, म्हणून रेक्टिफायर, म्हणजे इंजिनकडून येणारा करंट बॅटरीला चार्जिंगसाठी देणारा डबा, आणि त्याचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, बघा.

कमेंट टाकताना नुसतं "दादा चालू होत नाही" लिहू नका. सेल्फ दाबल्यावरचे तिन्ही आकडे लिहा, बॅटरीचा, अर्थिंगचा, पॉझिटिव्हचा. ज्यांनी आकडे लिहिलेत त्यांना मी आधी रिप्लाय देणार.