डोळा पोपटावर नको

(पडदा काळा. लवंगी फटाका फुटावा तसा एक आवाज. मागोमाग फरशीवर पितळी पुंगळी पडल्याची टिणटिण.)

सिनेमात पिस्तूल झाडलं की भिंती हादरतात. इथे लवंगी फुटली, एवढंच. तरी नेमबाजीच्या रेंजवर उभ्या असलेल्या प्रत्येकाचे कान झाकलेले असतात आणि डोळ्यांवर चष्मा असतो. काडतूस लहान असलं तरी काडतूसच.

हे पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच जाडीचं काडतूस. करंगळीच्या एका पेराएवढं. पुढे अडीच ग्रॅमच्या आसपास शिशाची गोळी, जाडी ५.६ मिलिमीटर. ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, काठात भरलेला असतो. म्हणून याला रिमफायर म्हणतात. धक्का सौम्य, त्यामुळे हात लगेच जागेवर येतो. खेळाला हे काडतूस मानवलं ते त्यासाठीच.

(दृश्य: रेंजवर एक नवी मुलगी. उजवा हात लांब, डावा ट्राऊझरच्या खिशात.)

लक्ष्य २५ मीटरवर. पिस्तूल एकाच हातात धरायचं, मनगटाला कसलाही आधार नाही. पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि चाप किमान १००० ग्रॅमच्या जोराशिवाय सुटता कामा नये. म्हणजे किलोभर साखरेची पिशवी एका बोटानं ओढायची, आणि बाकीच्या हाताला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

नेमबाजी म्हटलं की आपल्याला अर्जुन आठवतो. झाड नाही, फांदी नाही, फक्त पोपटाचा डोळा. पिस्तूल शिकायला आलेल्याला आधी हा अर्जुन विसरावा लागतो.

कारण साधं आहे. समोर तीन गोष्टी असतात: पिस्तुलाची मागची खाच, पुढची साईट (नळीच्या टोकावरचा खुंट) आणि दूर लक्ष्यावरचा काळा गोळा. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. मग स्पष्ट काय दिसायला हवं? पुढची साईट. गोळा धूसरच राहू द्यायचा.

(दृश्य: आकृती. खाच, साईट, लक्ष्य.)

हिशेब करून बघा. खाच आणि पुढची साईट यांच्यात फार तर २२० मिलिमीटर अंतर असतं. खाचेतली साईट एका मिलिमीटरनं सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर भरकटते. लक्ष्यावरचं सगळ्यात आतलं, दहा गुणांचं वर्तुळ आहे ५० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे दहाची गोळी गेली सहावर. याउलट साईट खाचेत नीट बसलेली असेल आणि अख्खा हातच मिलिमीटरभर बाजूला सरकला, तर गोळीही मिलिमीटरभरच सरकते. नवशिक्या घाबरतो हाताच्या डुलण्याला आणि मार खातो या न दिसणाऱ्या तिरकेपणाचा.

हात तर सगळ्यांचाच डुलतो. ऑलिंपिक पदक गळ्यात असलेल्यांचाही. नवा माणूस तो थांबायची वाट बघतो, गोळ्याखाली साईट क्षणभर स्थिर वाटली की ‘आत्ता!’ म्हणून चाप खेचतो, आणि तिथेच फसतो. उजव्या हाताच्या नेमबाजाची अशी गोळी बहुधा खाली डावीकडे जाते. कोच पिस्तुलाकडे न बघता नुसत्या लक्ष्यावरून सांगतो, झटका दिलास. औषध एकच: रिकामं पिस्तूल, समोर कोरी भिंत आणि चाप हळूहळू दाबत राहणं. भिंतीवर गोळाच नाही, तर बघणार कशाकडे? साईटकडे. महिनोन्‌महिने हेच. कंटाळवाणं आहे, त्यात खोटं बोलण्यात अर्थ नाही.

(दृश्य: लाल दिवा. हिरवा दिवा.)

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत पहिल्या ३० गोळ्या निवांत, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. पुढच्या ३० गोळ्यांना निवांतपणा नाही. हात खाली ४५ अंशांत, लाल दिवा सात सेकंद. हिरवा लागला की तीन सेकंदांत हात वर, साईट, चाप. पुन्हा लाल. तीन सेकंदांत विचार करता येत नाही. भिंतीसमोर जे मुरलं असेल तेवढंच बाहेर येतं.

२२ ऑगस्ट २०१८, पालेंबांग, आशियाई स्पर्धा. कोल्हापूरची राही सरनोबत अंतिम फेरीत. कोपराच्या दुखापतीत काही वर्षं गेलेली. कोच मुंखबयार दोर्जसुरेन, याच प्रकारात दोनदा ऑलिंपिक कांस्य मिळवलेल्या. अंतिम फेरीचा नियम निर्दय: दहाच्या वर्तुळातही दशांश मोजायचे, १०.२ किंवा त्याहून चांगली गोळी लागली तर एक गुण, नाहीतर शून्य. शेवटी राही आणि थायलंडची नफासवान यांगपायबून, दोघी ३४ वर. शूटऑफ, म्हणजे बरोबरी फोडायला जादा गोळ्या. पुन्हा बरोबरी. दुसरा शूटऑफ: राही तीन, नफासवान दोन.

आशियाई स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी तिला पुरस्कारही मिळाला, तो नेमका अर्जुनाच्या नावाचा.

पॉइंट टू टूला परवाना लागतो. त्यामुळे कोल्हापूरचं दुधाळी असो, पुण्यातलं बालेवाडी असो की मुंबईतलं वरळी, कुठल्याही रेंजवर नव्या माणसाची सुरुवात बहुधा १० मीटरवर, एअर पिस्तुलानं होते. छरा ४.५ मिलिमीटरचा, पण साईट आणि चाप यांचं भांडण तेच.

(दृश्य: पुन्हा ती मुलगी. ‘अनलोड’ची आज्ञा. मॅगझिन बाहेर, चेंबर उघडा, त्यात भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग, चेंबर रिकामा असल्याची खूण. पिस्तूल टेबलावर. ती शेजारच्या स्क्रीनकडे वळते.)

पाच गोळ्या. चार एकमेकींना चिकटून.

पाचवी खाली डावीकडे.