ओपन व्हायवाला जाऊन बसा

नमस्कार श्रोतेहो. आज माझं सांगणं एकच आहे आणि ते मी मधूनमधून पुन्हा सांगणार आहे, कारण तुमच्यातलं कुणी स्वयंपाक करता करता ऐकत असेल, कुणी गाडीवर असेल. सांगणं असं, की दुसऱ्याच्या पीएचडीच्या ओपन व्हायवाला, म्हणजे प्रबंधावरच्या खुल्या तोंडी परीक्षेला, जाऊन बसा. आपल्या विभागातल्या व्हायवाला बसाच, पण शेजारच्या, ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही अशा विभागातल्याही व्हायवाला बसा.

आपलं पुणे विद्यापीठ 10 फेब्रुवारी 1949 ला स्थापन झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. 2014 पासून विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. गणेशखिंडीतलं हे आवार 411 एकरांचं. एवढ्या पसाऱ्यात होतं काय, की रसायनशास्त्राची मुलगी आणि तत्त्वज्ञानाचा मुलगा चार-पाच वर्षं एकाच झाडाखालून जातात, रिफेक्टरीच्या एकाच रांगेत उभे राहतात, जयकर ग्रंथालयात एका पंख्याखाली बसतात आणि एकमेकांचा विषय काय ते त्यांना ठाऊक नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

आधी संशोधकांच्या कामाचं थोडं सांगून घेतो. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, जेआरएफ ही सुरुवातीची फेलोशिप 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे आणि त्यापुढची एसआरएफ 42,000. पण ही ज्यांना मिळते त्यांना. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर पुष्कळ मुलं शिकतात, आणि हप्ता लांबला की मेसचं बिल थकतं, घरून पैसे मागवण्याची सोय नसते. ज्यांना वसतिगृहात जागा नाही ते मित्राच्या खोलीत पॅरासाईट म्हणून राहतात, खाली गादी टाकून झोपतात आणि सकाळी आठला ग्रंथालयात हजर असतात. ही मुलं ज्या चिकाटीने टिकून राहतात तिचा मला मनापासून आदर आहे.

आणि म्हणूनच, विषय निघाला आहे तर बोलतो. व्हायवाच्या दिवशी जेवण, पेढे, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ हे सगळं त्या मुलाच्या किंवा मुलीच्या खिशातून का? पद्धत पडली आहे म्हणून. मोडा की ही पद्धत! ज्याची फेलोशिप थकली आहे त्याने पंधरा-वीस माणसांच्या थाळीचे पैसे द्यायचे, हे मला बिलकूल पटत नाही. चहा-बिस्किटं पुरेत, आणि तीही विभागाने द्यावीत.

असो. व्हायवाकडे येतो. एक प्रसंग सांगतो. हा मी ज्याला-त्याला सांगतो, आज तुम्हालाही सांगतो.

भूगोल विभागात एका मुलीची व्हायवा होती. विषय, पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली जुनी तळी. श्रावणातली झड लागलेली. आईवडील पहाटेच्या एसटीने आलेले, वडील टोपी गुडघ्यावर ठेवून पहिल्या रांगेत बसलेले. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून तिच्या मैत्रिणींनी वसतिगृहातून सापडतील ती पोरं गोळा करून आणली होती. त्यात एक इतिहासाचा, एमएच्या दुसऱ्या वर्षाचा, परभणीकडचा. भूगोलाशी त्याचा काही संबंध नाही. ये म्हणाले म्हणून आला.

मुलीने काम सुरेख मांडलं. नकाशे, मोजमापं, पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, गाळ किती. त्यातल्या एका तळ्याबद्दल ती म्हणाली, की हा बांध 1876-77 च्या दुष्काळात, दुष्काळी कामांमध्ये बांधला. त्या दुष्काळात दख्खनेत अशी कामं खरोखरच निघाली होती, तेव्हा कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून आलेले सर मोजकं बोलणारे. त्यांनी आपले प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, आणि रिवाजाप्रमाणे सभागृहाकडे बघून म्हणाले, "कुणाला काही विचारायचं आहे?"

अशा वेळी कुणी काही विचारत नसतं. गाईड मॅडमनी कागद आवरायला घेतले होते. तेवढ्यात मागून हात वर आला.

"सर, एक सांगू का? ताईंनी हे तळं दुष्काळातलं दाखवलंय. पण ह्या गावच्या तळ्याच्या डागडुजीचा कागद मी वाचलाय. पेशवाईतला."

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सर खुर्चीतल्या खुर्चीत वळले.

"कुठे वाचलास?"

"पेशवे दफ्तरात, सर. माझ्या डेझर्टेशनसाठी रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बघत होतो, त्यात निघाला. उतरवून घेतलाय."

"वही कुठे आहे?"

"खोलीवर."

"मग इथे कशाला उभा आहेस? जा, घेऊन ये. तोवर आम्ही चहा घेतो."

पोरगा मित्राची सायकल घेऊन पावसात सुटला. इकडे चहा आला, पण त्या मुलीने कपाला हात लावला नाही. तिची आई मला विचारत होती, "काय चुकलं का हो तिचं?" मी म्हणालो, "नाही माउली, काही चुकलेलं नाही, थांबा जरा."

पंधरा-वीस मिनिटांनी तो आला. अंगावर एक धागा कोरडा नाही, पण दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली वही शर्टाच्या आत कोरडी ठणठणीत. दोनशे पानी वही. डाव्या पानावर मोडी जशीच्या तशी, उजव्या पानावर तेच बाळबोध देवनागरीत. सगळं पेन्सिलीने. हाताने उतरवून घेण्यावर माझा फार विश्वास आहे, श्रोतेहो. मोबाईलमध्ये फोटो काढला असता तर तो हजार फोटोंत बुडाला असता. हाताने उतरवला म्हणून गावाचं नाव त्याच्या डोक्यात राहिलं आणि ऐन वेळी वर आलं.

सरांनी पहिला प्रश्न टाकला. "या नावाची गावं जिल्ह्यात चार सापडतील. तुझा कागद याच गावाचा कशावरून?" मुलगा वाचायला लागला. मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत पुणे, आणि तळ्याच्या पूर्वेला कोणत्या गावची शीव लागते तेही कागदात होतं. ती मुलगी इतका वेळ गप्प होती. ती उठली, आपला नकाशा पुन्हा पडद्यावर लावला आणि पूर्वेकडच्या गावावर बोट ठेवलं. तेच नाव.

दुसरा प्रश्न, साल. मुलाने वाचलं, "इहिदे सबैन मया व अलफ." भूगोलाची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. त्याने शांतपणे फोड करून सांगितली. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले 1171. हा शुहूर सन, पेशवाईच्या कागदांतला, मृगाला सुरू होणारा. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, महिना कुठला त्याप्रमाणे. म्हणजे इसवी सन 1770-71. दुष्काळाच्या आधी शंभरावर वर्षं!

तिसरा प्रश्न, खर्च कशावर झाला? चुना, गूळ, हिरडा, गवंड्यांची मजुरी, बेलदारांना धान्य. चुन्यात कालवायचा गूळ आणि हिरडा ऐकल्याबरोबर ती मुलगी म्हणाली, "सर, बांधाच्या तळाच्या थरांमध्ये मला वेगळा चुना दिसला होता. वरचं काम तसं नाही. माझ्याकडे फोटो आहेत. मी ते सगळं एकाच वेळचं धरलं." तिने फोटो लावले. खालचे चार थर घट्ट, पांढऱ्या चुन्यात बसवलेले. वरचे दगड ओबडधोबड, घाईने रचल्यासारखे. तो फोटो तिच्या प्रबंधात आधीपासून होता. त्याचा अर्थ लावायला लागणारा कागद मात्र मैलभर अंतरावरच्या वसतिगृहात, एका वहीत पडून होता.

सर म्हणाले, "म्हणजे दुष्काळात तळं बांधलं नाही. वाढवलं." आणि मग हसले. मुलीला पदवीची शिफारस झाली, तो एक परिच्छेद दुरुस्त करायला सांगितला. पुढच्याच रविवारी ती आणि तो आणखी दोघांना घेऊन त्या तळ्यावर गेले, वही आणि मोजपट्टी दोन्ही बरोबर घेऊन.

आता यात दोष कुणाचा? कुणाचाच नाही. गाईड चांगल्या होत्या. दर सत्रात आरएसीपुढे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, काम मांडलं गेलं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध वाचला होता. पण ही सगळी भूगोलाची माणसं. पेशवे दफ्तरातला रुमाल आपण होऊन भूगोलाच्या टेबलावर येत नाही. तो वाचलेलं माणूस यावं लागतं. आणि ते यायला व्हायवाइतकी सोपी जागा दुसरी नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, ओपन व्हायवाला जाऊन बसा. ती खुली असते हे कुणाचे उपकार नव्हेत, यूजीसीच्या नियमातच आहे. प्राध्यापक, इतर संशोधक, विद्यार्थी, सगळ्यांना बसता येतं. विभागाच्या फलकावर सूचना लागते, तारीख, वेळ, खोली. फलक वाचत चला. बऱ्याच ठिकाणी ती सूचना आदल्या दिवशी संध्याकाळी लावतात, आणि हे थांबलं पाहिजे. आठ दिवस आधी लावली तर लोक येतील. विभागप्रमुख ऐकत असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

जाण्याआधी विषय थोडा चाळून जायचा असेल तर शोधगंगा ही प्रबंधांची वेबसाइट उघडा. तिथे त्याच विषयावरचे आधीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात. गेल्यावर अगदी मागे बसू नका, मधल्या रांगेत बसा. प्रश्न साधा विचारा, "हे तुम्ही कसं मोजलं?" किंवा "हे कुठे पाहिलं?" आपली हुशारी दाखवायला जाऊ नका, समोरचा माणूस पाच-सहा वर्षं त्या कामात गाडलेला आहे आणि त्या दिवशी त्याचे आईवडील बसलेले असतात. आणि ज्यांची व्हायवा आहे त्यांनी आपल्या विभागाबाहेरच्या दोन तरी माणसांना स्वतः जाऊन बोलवावं. खुर्च्या भरायला बोलवा हवं तर, पण बोलवा.

आमच्या बाजूने आम्ही एवढं करतो. तुमच्या विभागातल्या व्हायवाची तारीख, वेळ, खोली आणि विषय आम्हाला कळवा. विषय दोन ओळींत, मराठीत, घरी आजीला सांगाल तसा लिहा. दर आठवड्याला याच वेळी तो इथून वाचून दाखवू. या आठवड्याचं पत्र शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोहोचू द्या. नमस्कार.